माशी न बघता नेम

आधी एक गंमत करून बघा. फोन डाव्या हातात धरा आणि समोरच्या भिंतीवरचा एखादा स्विच निवडा. दोन्ही डोळे उघडे ठेवून, फक्त त्या स्विचकडे बघत, उजव्या हाताचं बोट झटकन त्याच्याकडे दाखवा. आता हात न हलवता आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. एका डोळ्याने बोट बरोबर स्विचवर दिसेल, दुसऱ्याने बाजूला सरकलेलं. ज्याने बरोबर दिसलं, तो तुमचा मुख्य डोळा.

नेमबाजीच्या पहिल्या तासाला हीच चाचणी घेतात. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बोट उचलताना तुम्ही बोटाकडे बघितलंच नव्हतं. तरी ते जवळजवळ बरोबर जागी गेलं. लहानपणी कैरीवर दगड मारताना आपण कुठे कशातून बघून नेम धरत होतो? गोट्या खेळतानाही नाही. हाताला आपोआप कळायचं.

हे मला सुचलं ते बेंगळुरूत, एका इमारतीच्या तळघरात, आणि कारण होते आमचे बाबा.

बाबा गडहिंग्लजचे. महाराष्ट्र पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मी नोकरीसाठी बेंगळुरूत राहते, कंटेंट रायटिंग करते. मागच्या हिवाळ्यात ते माझ्याकडे आले ते फिरायला नाही, डोळे दाखवायला. उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक धुरकट डाग आला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. दाराची चौकट वाकडी दिसायची. समोरच्या माणसाचे कान, खांदे दिसायचे, चेहरा नाही. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतोय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. कडेची नजर शाबूत राहील. आणि बारीक चौकटींचा एक कागद दिला. रोज एकेक डोळा झाकून बघायचं, रेघा आणखी वाकड्या दिसू लागल्या तर लगेच यायचं.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. मला घरी जाऊन बसवेना, म्हणून मी म्हटलं, चला, शहर बघू.

तुम्ही बेंगळुरूला आलात तर लोक तुम्हाला लालबाग, मॉल आणि नंदी हिल्स सांगतील. आम्ही मेट्रोने कब्बन पार्कला उतरलो आणि कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयात गेलो. लाल रंगाची १८७७ ची इमारत आहे, आणि आत बेगूरचा मोठा वीरगळ आहे. बेगूर म्हणजे आज दक्षिण बेंगळुरूतला एक गजबजलेला भाग. गंग राजांच्या काळात, साधारण अकराशे वर्षांपूर्वी, तिथे हा दगड कोरला गेला. त्यावर अख्खी लढाई आहे, हत्ती, घोडे, पायदळ. आपल्याकडे कोल्हापूर भागात गावोगावी वीरगळ असतात, त्यामुळे बाबांना तो ओळखीचा वाटला. ते दगडासमोर उभे न राहता एका बाजूला मान वळवून बघत होते. सरळ बघितलं की डाग आड येतो, तिरकं बघितलं की कडेच्या नजरेत चित्र सापडतं. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. नंतर कळलं की अशा रुग्णांना ती मुद्दाम शिकवतात.

वीरगळांवर धनुष्य ताणलेला वीर हमखास दिसतो. त्या धनुष्याला ना पुढे काही खूण, ना मागे. मग नेम कसा लागायचा? तिरंदाज दोरी ओढून हात प्रत्येक वेळी गालाच्या किंवा हनुवटीच्या त्याच जागी आणतो. शरीर दर वेळी त्याच आकारात उभं राहिलं की बाण दर वेळी त्याच वाटेने जातो. आजही खुणेशिवाय धनुष्य चालवणारे हेच करतात.

"दशरथ राजाबी असाच मारायचा की," बाबा म्हणाले. दवाखान्यानंतरचं हे पहिलं वाक्य.

शब्दवेधी बाण. आवाज ऐकून नेम. आपण सगळ्यांनी श्रावणाची गोष्ट ऐकलेली असते, आणि लहानपणी त्यात आपल्याला राजाच्या नेमाचंच अप्रूप वाटतं. बाबा पोलिसातले, त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "त्याचा नेम चुकला नव्हता. समोर कोण आहे हे बघितलं नव्हतं त्यानं." पोलिसांच्या फायरिंगला हे पहिल्या दिवशी शिकवतात म्हणे: ज्याच्याकडे नळी केलीस तो कोण आहे आणि त्याच्यामागे कोण आहे, हे कळल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. नेम डोळे मिटून धरता येईल एक वेळ, ओळख नाही धरता येत.

दुपारी केआर मार्केटला गेलो. फुलांच्या ढिगाऱ्यांतून आणि बसच्या गर्दीतून वाट काढत पुढे गेलात की बेंगळुरूच्या किल्ल्याचा उरलेला तुकडा आणि दिल्ली दरवाजा लागतो. मराठी माणसाला इथे शहाजीराजे आठवतात. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पण समोर दिसते ती दगडी भिंत त्यांच्या काळची नाही. तेव्हाचा कोट मातीचा. दगडी किल्ला हैदर अलीच्या वेळचा. भिंतीवर एक फरशी बसवली आहे. २१ मार्च १७९१ ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने याच खिंडारातून हल्ला केला, असं तिच्यावर लिहिलंय. हल्ला रात्री झाला, चांदण्यात.

त्या रात्री इंग्रज शिपायांच्या हातात ज्या बंदुका होत्या, त्यांना मागची साईट नव्हतीच. पुढे संगीन अडकवायचं एक बोंड असे, तेवढंच. कवायतीत हुकूमही 'नेम धरा' असा नसे, 'प्रेझेंट' असा असे. म्हणजे बंदूक समोर करा आणि झाडा. एकट्याच्या नेमावर कुणाचाच भरवसा नव्हता. शंभर जणांनी एकदम झाडायची, काही ना काही लागतंच. साईटशिवाय मारणं आणि साईटशिवाय नेमकं मारणं यात फरक आहे, तो हा.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "आमच्या काही पोरांचं थ्री-नॉट-थ्रीनं तसंच चालायचं."

मग तिथल्याच एका दर्शिनीत उभ्याने बाय-टू कॉफी घेताना मी विचारलं, "बाबा, उद्या पिस्तूल चालवायला येताय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या कानाकडे.

बेंगळुरूत दहा मीटरच्या एअर पिस्तुलाच्या रेंज बऱ्याच आहेत, कित्येक तळघरांत किंवा दुकानांच्या वरच्या मजल्यांवर. नवख्यांना थोडी फी घेऊन तासभर शिकवतात. ४.५ मिलिमीटर छर्‍याच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या या हवेच्या पिस्तुलाला बारुदी पिस्तुलासारखा परवाना लागत नाही. रेंज मात्र बारुदी हत्याराइतकीच कडक असते. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, डोळ्यांवर चष्मा, आणि कोचने सांगितल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आधी घरीच समजावून न्या.

आमचे कोच पन्नाशीतले, कानडी आणि हिंदी मिसळून बोलणारे. बाबा सीमाभागातले, त्यांना कानडी येतं, त्यामुळे दोघांचं पाच मिनिटांत जमलं. मी डोळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, मग त्यात काय, चाळिशीनंतर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना पुढची साईट नीट दिसत नाही.

इथे साईटचं थोडं सांगायला हवं. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच असते, पुढच्या टोकाला उभी पट्टी. बाबा पुढच्या पट्टीला 'माशी' म्हणतात. खाचेच्या बरोबर मधोमध माशी दिसली पाहिजे आणि नजर माशीवर स्वच्छ ठरली पाहिजे. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं. आता हिशेब बघा. खाच आणि माशी यांच्यात समजा ३२ सेंटिमीटर अंतर आहे. माशी एक मिलिमीटर बाजूला गेली तर दहा मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटरहून जास्त चुकतो. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? साडेअकरा मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. संपूर्ण कागद १७ सेंटिमीटर चौरस. पिस्तूल अर्धा अंश कलंडलं की मध्यावर जाणारा छर्रा कागदाच्या कडेला पोचतो.

म्हणून स्पष्ट सांगते, स्पर्धेत साईटला पर्याय नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. 'काही उपकरण नाही, नुसतं आलं आणि रौप्यपदक घेऊन गेलं,' असं लोक लिहीत होते. त्याने डोळ्यावरची खास भिंग आणि झापड वापरली नव्हती, दोन्ही डोळे उघडे ठेवले होते, एवढं खरं. पण पिस्तुलावर साईट होती आणि तो तिच्यातूनच बघत होता. खिशातला हात तर सगळेच ठेवतात, शरीर डुलू नये म्हणून. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने कांस्यपदक घेतलं.

कोचने पुढच्या साईटवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. मला वाटलं, बाबांच्या समाधानासाठी काहीतरी खेळ चाललाय. तसं नव्हतं. नेहमीच्या खेळाडूंनाही ते हाच सराव देतात.

बाबांना लक्ष्याला आडवं उभं केलं, पाय खांद्याएवढे फाकवून, डावा हात खिशात. पिस्तूल रिकामं. "आता डोळे मिटा. हात वर, थोडा खाली, जिथे आपसूक थांबेल तिथे थांबवा." बाबांनी तसं केलं. "उघडा." नळी लक्ष्याच्या पार डावीकडे गेली होती. बाबांनी मनगट वळवून ती मध्ये आणायला सुरुवात केली तसे कोच म्हणाले, "निधान, निधान."

मी दचकले. मला 'निदान' ऐकू आलं. आदल्या दिवशी दवाखान्यात हाच शब्द दहा वेळा ऐकला होता. बाबांनीच सांगितलं, कानडीत निधान म्हणजे सावकाश.

मनगट वळवायचं नसतं. पाऊल सरकवायचं. पाठीमागचा पाय बोटभर हलवायचा, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा हात उचलायचा, पुन्हा उघडून बघायचं. असं करत करत मिटल्या डोळ्यांनी उचललेला हात आपोआप मध्यावर जाऊन थांबला पाहिजे. कारण वळवलेलं मनगट दमतं आणि गोळी सुटण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातं. शरीराची ती मूळ जागा सापडली की साईटचं काम उरतं फक्त शेवटची खात्री करण्याचं.

आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत ज्या प्रकारात २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकली, त्या २५ मीटर पिस्तुलाच्या दुसऱ्या टप्प्यात हे चांगलं कळतं. हात खाली ४५ अंशांत ठेवून उभं राहायचं. इशारा झाला की तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात हात उचला, नेम धरा, एक गोळी झाडा, पुन्हा हात खाली. तीन सेकंदांत साईट शोधत बसलात तर संपलंच. हात वर येतानाच जवळपास बरोबर जागी आलेला असावा लागतो.

याच्याही पुढे जाऊन साईट सोडूनच द्या, असं म्हणणारेही होऊन गेले. विल्यम फेअरबर्न हा शांघाय पोलिसांतला अधिकारी. गल्लीबोळात, अंधारात, चार पावलांवर चकमक होते तेव्हा माशी बघायला वेळच नसतो, तेव्हा बोट दाखवावं तसं पिस्तूल दाखवा, असं त्याने आपल्या शिपायांना शिकवलं आणि १९४२ मध्ये एरिक साइक्सबरोबर त्यावर पुस्तकही काढलं. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॅक वीव्हर नावाच्या पोलिसाने दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्यासमोर धरून, साईट बघून, झटपट नेमबाजीच्या स्पर्धा जिंकायला सुरुवात केली आणि वारं पुन्हा फिरलं. हा वाद अजून मिटलेला नाही. मला तो थोडा पोकळ वाटतो. चार पावलांवरची गोष्ट वेगळी, दहा मीटरवरचं बटण वेगळं.

बाबांसाठी कोचने कागद पाच मीटरवर आणला. बाबांनी मान जराशी वर केली. वर बघितलं की खालचं काळं वर्तुळ त्यांना कडेच्या नजरेत दिसत होतं. छर्रा भरला. हात उचलला.

पहिला कागदाच्या बाहेर. दुसरा अगदी कडेला. बाबांना भोकं दिसत नव्हती, म्हणून मी दुर्बिणीतून बघून घड्याळाच्या भाषेत सांगायचं ठरलं. "सात वाजता." पुढचा. "सात वाजता, बाबा, थोडा आत." पुढचा. "सात."

बाबांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "डोळेच नाहीत तर काय."

मला काय बोलावं कळेना. कोच पुढे आले, कागद जवळ ओढून घेतला आणि भोकांवर बोट ठेवलं. कानडीत काहीतरी बोलले, बाबा ऐकत राहिले. मला नंतर अर्थ सांगितला. सगळे छर्रे एकाच बाजूला गेलेत. डोळ्यांमुळे चुकले असते तर चारी दिशांना पांगले असते. उजव्या हाताच्या माणसाने ट्रिगर झटका देऊन ओढला की नळी खाली आणि डावीकडे जाते, सात वाजता. म्हणजे नेम बरोबर होता, बोट घाई करत होतं.

"डोळ्याचा दोष नाही, सर. बोटाचा आहे."

या खेळात ट्रिगर किमान ५०० ग्रॅम ओढीचा असावा लागतो. बाबांची सवय सरकारी रायफलीची, कितीतरी जड ओढीची. कोचने पिस्तूल रिकामं करून वीस वेळा नुसतं ओढायला लावलं, डोळे मिटून. "निधान." बोट दाबत जायचं आणि कधी सुटलं ते आपल्यालाच कळू नये. हा भाग बघायला कंटाळवाणा आहे. शेजारच्या लेनमधली आठवीतली मुलगी मात्र तेच न कंटाळता करत होती.

तेवढ्या वेळात कोचने मला एक गोष्ट सांगितली. ज्यांना अजिबात दिसत नाही असेही लोक नेमबाजी करतात. रायफलवरची साईट प्रकाश टिपून त्याचा आवाज करते, तो हेडफोनमधून ऐकू येतो. नळी मध्याच्या जवळ गेली की सूर चढत जातो. सूर सगळ्यात वर गेला की ट्रिगर. शेजारी डोळस मदतनीस उभा असतो. पॅरालिंपिकमध्ये हा प्रकार अजून नाही, पण त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. मी बाबांना म्हटलं, तुमचा दशरथ. ते म्हणाले, "शेजारी माणूस उभा असतो म्हणालीस ना? मग बरोबर आहे."

दुसऱ्या फेरीत दहा छर्रे. मी वेळा सांगत होते. सहा. नऊ. पाच. "मध्ये. बाबा, मध्ये! काळ्यात!" एक कागदाबाहेर गेला तेव्हा त्यांनी स्वतःच "घाई झाली" म्हटलं, मी सांगायच्या आधी. बाकीच्यांतले सहा माझ्या तळहाताखाली झाकले जात होते. स्पर्धेच्या हिशेबाने हे काहीच नाही, आणि तेही निम्म्या अंतरावरून. आठवीतल्या त्या मुलीचे दहाही छर्रे दहा मीटरवरून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत होते, साईटसह.

मीही दहा मारले. माझे डोळे ठणठणीत आहेत, मुख्य डोळा उजवा, चिकटपट्टी तीच. माझे छर्रे चारी दिशांना पांगले. बाबांनी कोचकडे बघून अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हिच्या डोळ्यांचं काय करायचं?"

निघताना त्यांनी तो कागद मागून घेतला. मेट्रोत गर्दी होती, ते दांडीला धरून उभे होते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खिशातल्या कागदाच्या भोकांवरून फिरवत होते. केंगेरीकडे जाणारी गाडी. बाहेर संध्याकाळ झाली होती.

आता ते गडहिंग्लजला आहेत. स्वयंपाकघरात फ्रिजवर दोन कागद चिकटवले आहेत, डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा आणि त्याच्या शेजारी भोकं पडलेला. आई म्हणते, पाहुणे आले की आधी दुसरा दाखवतात, मग चहा. सकाळी आठला मला फोन येतो. एकेक डोळा झाकून बघून झालेलं असतं.

"आज रेघा कालच्याएवढ्याच वाकड्या हायत," ते सांगतात. "तुझं काय चाललंय?"